अबू नासिरची डावखुरी रायफल

खजूर खाताना बिया कुणी जमवायच्या म्हणून जमवत नाही. गप्पा चालू असतात, एकेक बी बशीत पडत राहते, आणि उठताना बघावं तर ढीग! इथे सौदीत, बुरैद्यात हे रोजचंच. आमच्या ह्यांच्या वर्कशॉपमधले किस्सेही माझ्याकडे असेच साठलेत. मी तिथे कधी पाऊल ठेवलं नाही. दुपारी जेवायला घरी आले की हे सांगतात, मी ऐकते.

हे दापोलीकडचे सुतार. इथे गावाबाहेर नेमबाजीचा एक क्लब आहे. तिथे हे बाकं, टार्गेटच्या फळ्या आणि रायफलींचे लाकडी दस्ते करतात. लोखंडाचं काम केरळच्या बशीरभाईंकडे. आणि क्लबचे सगळ्यात जुने मेंबर म्हणजे अबू नासिर. वय सत्तरीचं, घरच्या खजुराच्या बागा. चाळीस वर्षं उजव्या डोळ्याने नेम धरला. गेल्या वर्षी तो डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, आता इलाज नाही.

त्यानंतरही ते रेंजवर यायचे, पण गेटपाशी गाडीतच बसून राहायचे. काच खाली करून नुसते आवाज ऐकायचे. एके दिवशी उतरले, वर्कशॉपमध्ये आले आणि म्हणाले, "मला डाव्या डोळ्याची रायफल करून द्या. सहाशे मीटरवर जमलं तर जमलं. नाही तर गेटवरही येणार नाही."

मी त्याच दिवशी नवस बोलले. सहाशे मीटरवर त्यांची गोळी टार्गेटच्या पांढऱ्या कागदावर लागली, की तीन रोजे.

हे म्हणाले, "अगो, बंदुकीसाठी रोजे?"

"बंदुकीसाठी नाही ओ. गेटवरच्या त्या गाडीसाठी."

*

पहिला प्रश्न नळीचा. अबू नासिरना सगळ्यात लांब आणि सगळ्यात जड नळी हवी होती. जड नळी शांत असते, गोळी सुटताना हलत नाही, हे बशीरभाईंनाही मान्य. पण अबू नासिरचा एक जुना नेम आहे. आपली रायफल गाडीपासून रेंजपर्यंत स्वतः उचलून न्यायची, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही.

वडीलधाऱ्या माणसाला 'तुम्हाला झेपणार नाही' असं कोण सांगणार? बशीरभाईंनी ती जड नळी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "शेख, जरा धरा हां, चहा ठेवतो." मग चहा ठेवला. साखर शोधली. वेलची शोधली. कप विसळले, पुन्हा विसळले.

चहा आला तेव्हा अबू नासिरचे दोन्ही हात थरथरत होते. त्यांनी नळी हळूच टेबलावर ठेवली, कप घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "चहा छान झालाय. दुसरी नळी दाखव!"

*

घोडा निवडायला एवढा वेळ लागला नाही. बशीरभाईंनी सगळ्यात हलका आणला. नुसतं बोट टेकलं की सुटणारा, मोठमोठे नेमबाज वापरतात तसला. अबू नासिरनी रिकाम्या रायफलीवर बोट ठेवलं. टक्!

त्यांनी बोट काढून घेतलं. "मी मनाशी नियत करायच्या आधीच वाजला! हा नको."

*

दस्त्यासाठी अक्रोडाचं लाकूड आलं. ह्यांनी आठ दिवस रंधा आणि पॉलिशपेपर चालवला. नळी दस्त्यात अशी बसवली की दोघांमध्ये केससुद्धा जाणार नाही. घरी आले ते छाती फुगवूनच!

दुसऱ्या दिवशी बशीरभाईंनी दस्ता हातात घेतला. उजेडात धरला. बोट फिरवलं. मग म्हणाले, "दाऊदभाई, बहुत सुंदर. अब इसको बिगाड़ो."

नळीला म्हणे लाकूड कुठेच टेकायला नको. गोळ्या सुटून नळी तापली की ती लाकडाला रेटते आणि नेम भरकटतो. चारी बाजूंनी फट हवी.

त्या दुपारी हे नीट जेवले नाहीत. शेवटी हात धुताना म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या फटी बुजवल्या. आता ठेवायच्या!"

*

रायफलीवरची दुर्बीण मात्र अबू नासिरनी सगळ्यात महागडी मागवली. सगळ्यात मोठं दाखवणारी. ती लावून आडवे झाले, डावा डोळा लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. उठले तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय झालं शेख? दिसत नाही?"

"सगळं दिसतं. वाळूवरची वाफ दिसते. माझं काळीज धडधडतं, तेही टार्गेटवर हलताना दिसतं. एवढं नको दाखवू मला."

बशीरभाईंनी कमी ताकदीची दुर्बीण लावली. घरी सांगताना ह्यांनी डोळे पुसले, म्हणाले पॉलिशची धूळ गेली.

*

मग राहिला गाल. दस्त्यावर गाल टेकतो तिथला उंचवटा ज्याचा त्याच्या मापाचा लागतो, म्हणजे डोळा आपोआप दुर्बिणीसमोर येतो. वर्कशॉपचा एसी बंद पडला होता, म्हणून हे अबू नासिरना आमच्या घरीच घेऊन आले. ठसा घ्यायला मेण नव्हतं. मी भाकरीसाठी तांदळाची उकड मळून ठेवली होती. ह्यांनी परात उचलली, उकडीचा गोळा दस्त्यावर थापला आणि वरून प्लास्टिक लावलं!

सलमा आमची म्हणते, "मम्मी, व्हॉट इज ही डूइंग टू अवर डिनर?"

अबू नासिर वाकले. गाल टेकला. उजवा! चाळीस वर्षांची सवय. सगळे हसले, तेही हसले. उकड पुन्हा सारखी केली. पुन्हा उजवा. तिसऱ्यांदाही उजवाच, आणि आता कुणी हसेना. ते नुसते त्या ठशाकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता हे निघून जाणार आणि पुन्हा येणार नाहीत.

मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ह्यांना म्हटलं, "त्यांना सांगा ना, नमाज संपताना आपण उजवीकडे सलाम करतो, मग डावीकडे. उजवीकडचा करून झाला. आता डावीकडचा राहिलाय."

ह्यांनी ते अरबीत सांगितलं, उम्म सलमा म्हणते म्हणून. उम्म सलमा म्हणजे सलमाची आई, मी. मग अबू नासिरनी सावकाश मान वळवली आणि डावा गाल टेकला.

*

रेंजवर गेले ती सकाळ थंडीची होती. मी घरात तसबीहची माळ घेऊन बसले होते. दुपारी हे आले ते फळीचा कापून आणलेला कोपरा बगलेत घेऊन. टार्गेटची फळी ह्यांनीच केलेली, कापायला कोण अडवणार!

"लागली?" मी विचारलं.

"पाच झाडल्या. पांढऱ्यावर एकही नाही."

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"सगळ्या बाजूच्या लाकडावर. बशीर म्हणाला, दुर्बीण थोडी फिरवायला हवी, दो क्लिक का काम है. पण शेख म्हणाले, आज नको. रायफल उचलली आणि निघून गेले." ह्यांनी तो कोपरा ओट्यावर ठेवला. पाच भोकं, एकमेकांच्या शेजारी. "पण हे बघ. तुझ्या एका भाकरीखाली झाकतील."

मी भाकरी ठेवून बघितली. झाकली.

हे म्हणाले, "नवस पांढऱ्याचा होता. रोजे माफ!"

मी रोज्यासाठी पहाटेचा अलार्म लावला.

दुसऱ्या दिवशी मगरिबच्या, म्हणजे रोजा सोडायच्या अजानीला थोडा वेळ होता, तेव्हा बेल वाजली. दारात अबू नासिर, हातात खजुराची पेटी. ह्यांना म्हणाले, "बशीरला सांग, उद्या ते दोन क्लिक फिरव. मी येतोय." ह्यांनी चहा विचारला, माझा रोजा असल्याचंही सांगितलं, तर म्हणाले, "अजान होऊ दे. माझाही रोजा आहे."

"तुमचा? आपली तर पांढऱ्यावर लागलीच नाही, शेख. मग रोजा कसला?"

अबू नासिरनी काळा चष्मा काढला आणि गेलेल्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"उम्म सलमाला सांग, तिचं जरा चुकलं. ह्या डोळ्याने चाळीस वर्षं साथ दिली, त्याला उजवीकडचा सलाम राहिलाच होता."