हलकी झालेली चावी

वरच्या गल्लीत त्याला सगळे चावीकाका म्हणत. पाणीखात्यात त्याची सव्वीस वर्षं झाली होती. सकाळी सहाला टाकीवरून पाणी सुटायचं, तेव्हा हा गल्लीच्या तोंडाशी चेंबरचं झाकण सरकवून कमरेएवढ्या चावीने व्हॉल्व्हला सोळा फेरे द्यायचा. सातला टाकी बंद झाली, की उलटे सोळा. नळाला धार यायची करंगळीएवढी.

"काका, पुरता उघडत नाही तुम्ही!" शिवणकाम करणारी ताई रोज दारातून ओरडायची.

"सोळाच्या सोळा फेरे दिलेत. तुम्हीच पाणी सांडता, त्याला मी काय करू?"

एकदा तो तापाने फणफणला. बदली माणूस आलाच नाही. दूध घेऊन आलेली बायको म्हणाली, "वरच्या गल्लीत पाणी आलंय की हो!"

"व्हॉल्व्ह कुणी उघडला?"

"कुणीच नाही."

तो अंथरुणातच उठून बसला. तापात आपण भलतंच ऐकलं की काय, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो चेंबरपाशी जाऊन हाताची घडी घालून उभा राहिला. सहाला पाणी आलं. त्याने व्हॉल्व्ह उघडला, तरी तेवढंच. उघडला, तरी तेवढंच. त्याची मती गुंग झाली.

फिटरने खणून पाहिलं. "काका, दांडा आत तुटलाय. झडप अर्धी उघडी अडकलीय. गंज बघा, कैक वर्षं झाली असतील. तुम्ही नुसता दांडाच फिरवत होतात."

कैक म्हणजे किती? मधे एका वर्षी चावी एकदम हलकी झाली होती खरी. तेल मुरलं म्हणून तो खूशही झाला होता. पण ते कधी, मुलीच्या लग्नाआधी की नंतर, काही केल्या आठवेना. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "तुमच्या चावीचं मला काय माहीत?"

संध्याकाळी तो ताईच्या दारात गेला. तिने मशीन थांबवलं.

"ताई, तुमचंच बरोबर होतं. व्हॉल्व्ह अर्धाच होता. पण मी फेरे पुरते देत होतो हो, शपथेवर सांगतो."

"म्हणजे चूक कुणाची?"

"तेच कळत नाहीये."

ती हसावं की भांडावं अशा चेहऱ्याने बघत राहिली. मग म्हणाली, "बसा. इतकी वर्षं मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले, त्याचं आता काय करायचं?"

तो पायरीवर टेकला.

आठवड्याने नवा व्हॉल्व्ह बसला. पहिल्या दिवशी धार एवढी जोरात आली, की ताईचं पिंप पाच मिनिटांत भरलं. नळाला बादली लावायची, की तो बंद करायचा, हे तिला क्षणभर सुचेचना. शेवटी तिने नळ बंद केला आणि तिथेच उभी राहिली. आणि चावीकाका? सोळा फेरे देऊन झाल्यावर तो आता चावीला कान लावतो. खाली पाणी खरंच वाहतंय ना, ते ऐकतो. ऐकू येतं, तरी पुन्हा एकदा ऐकतो.