दोन दिवसांत परत

डोंगर माणसामाणसांतले भेद मिटवतो. हे वाक्य माझं नाही. आमच्या कारखान्याच्या जनरल मॅनेजरांनी एका सोमवारी सकाळी ते मला ऐकवलं. त्यांच्या मागच्या भिंतीवर हिमालयाचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. जिना चढावा लागू नये म्हणून त्यांनी स्वतःची केबिन तळमजल्यावर करून घेतली होती.

"बावीस फॅमिलीज," ते म्हणाले. "अकरा मराठी कामगारांच्या, अकरा सिंधी. मुलाबाळांसकट. माथेरानला दोन दिवस. सगळं प्लॅन करा."

"सर, मुलं साधारण किती धरायची?"

"ते तुम्ही बघा. वेल्फेअर ऑफिसर तुम्ही आहात."

होतो, पण कच्चा. मोठ्या कारखान्यांनी वेल्फेअर ऑफिसर नेमायचा हा कायदा तेव्हा नवा होता. हा अधिकारी म्हणजे कामगारांचं पाणी, पाळणाघर, कॅन्टीन आणि कुरबुरी बघणारा माणूस. कामगार त्याला मालकाचा माणूस समजतात आणि मालक कामगारांचा. मी प्रोबेशनवर होतो. उमेदवारीचे हे महिने संपले की साहेबांना वाटलं तर कायम, नाही तर घरी.

मी दारापर्यंत पोचलो तेव्हा साहेबांनी वर न बघता आणखी एक वाक्य टाकलं. "सिंधी फॅमिलीज आल्या नाहीत तर ट्रिप कॅन्सल. मग तुमच्या कन्फर्मेशनचंही पुन्हा बघावं लागेल."

त्या वेळचं अंबरनाथ आज सांगून पटत नाही. कारखान्याच्या कुंपणाला लागून भातखाचरं होती. भोंगा झाला की शेतातले बगळे उडत आणि लगेच परत बसत. त्यांनाही शिफ्टची वेळ कळायची. पलीकडे कल्याणच्या बाजूला लष्कराच्या सोडलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. सरकारने त्या वस्तीला उल्हासनगर नाव दिलं होतं, पण बोलताना सगळे कॅम्पच म्हणत. आमच्या कॅन्टीनमध्ये मराठी माणसं खिडकीकडे बसत आणि सिंधी माणसं भिंतीकडे. भांडण कधी झालं नाही. बोलणंही झालं नाही. साहेबांना हे कोणीतरी सांगितलं असावं.

मी प्लॅन केला, आणि मनापासून केला. माथेरानवर मोटार चढत नाही. नेरळहून छोटी गाडी, पुढे सगळं माणसांच्या डोक्यावर. म्हणून सामानावर मर्यादा हवी. राहायला एका मुंबईकर मालकाचा बंद पडलेला बंगला मिळाला. त्याच आठवड्यात मलेरियावाले घरोघर डीडीटी फवारायला येणार होते, त्यांना घर उघडं मिळायला हवं. या सगळ्याचा विचार करून मी एक सर्क्युलर काढलं. सर्क्युलर म्हणजे नोटीस बोर्डावर लावायचं सूचनापत्रक. हिंदीतही लावलं. त्यातली तीन वाक्यं मला अजून पाठ आहेत. 'दोन दिवसांत परत यावयाचे आहे. जास्त सामान व मौल्यवान वस्तू घेऊ नयेत. घरास कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी.'

मला ते फार नेमकं वाटलं होतं. मी त्याची एक प्रत घरी नेऊन बायकोलाही दाखवली.

तिसऱ्या दिवशी पॅकिंग खात्याचे फोरमन सखाराम भोईर नावांची यादी घेऊन आले. भोईर जांभूळ गावचे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, तरी मला सायेब म्हणायचे आणि त्या शब्दात जेवढा आदर बसेल तेवढाच बसवायचे.

"सायेब, अकरा नावा गेली."

"कुठली?"

"सगल्या सिंध्यांची. एका रेघेत कापली."

"का पण? मुलांनी हट्ट धरून नावं दिली होती."

"मी लालचंद फिटरला इचारला. तो बोलला, घरची नको बोलते. तिला बगून बाकीच्या पन नको बोलल्या. मी बोललो, बाई डोंगराला घाबरते काय? तो बोलला, डोंगराला नाय. कागदाला."

मी संध्याकाळी वस्तीच्या चौथ्या भागात, कॅम्प चारला गेलो. एका लांब बराकीचे पडदे लावून केलेले भाग, आणि त्यातल्या प्रत्येक भागात एक घर. बाहेर खाटेवर पापड वाळत होते. लालचंद कामावरून नुकताच आला होता. त्याची मुलगी कमला आठ-नऊ वर्षांची, धाकटा हिरो पाच-सहाचा. मला बघून कमलाने विचारलं, "बंदर सच में हाथ से छीनते हैं?" आईने तिच्याकडे बघितलं आणि ती हिरोला घेऊन आत गेली.

आई म्हणजे देवीबाई. तिने मला दुसऱ्या खाटेवर बसवलं, पापड आणि पाणी पुढे केलं. सिंधी घरात पाणी एकटं येत नाही.

"साईं, वो काग़ज़ पढ़ के सुनाओ," ती म्हणाली. साईं म्हणजे आपल्या साहेब-महाराजांच्या मधलं काहीतरी.

मी वाचलं. दोन दिवसांत परत. सामान कमी. किल्ली शेजाऱ्याकडे.

"यही बोला था," ती म्हणाली.

"कोणी?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला कळलं.

"पड़ोसी अच्छा आदमी था. चाबी उसी को दी. बोली, पंद्रह दिन में आती हूँ. तुलसी को पानी देना." ती पापड उलटवत होती. "अच्छे आदमी को दी थी, साईं. फिर भी."

लालचंद चपलेचा पट्टा बघत बसला होता. मुंबईतल्या समाजकार्याच्या शाळेत मी दोन वर्षं काढली होती. तिथे मुलाखतीचं तंत्र शिकवलं होतं. अशा वेळी काय म्हणायचं ते शिकवलं नव्हतं. मी पापड खाल्ला.

"आणि तुम्ही ठरवाल तसं झालं तर?" शेवटी मी म्हणालो. "किल्ली तुमच्याच कमरेला. जे न्यायचं असेल ते न्या."

"पेटी?" तिने आतल्या लोखंडी ट्रंकेकडे बोट केलं.

"पेटी पण."

ती हो म्हणाली नाही. "बच्चे जाना चाहते हैं," एवढंच म्हणाली. माझ्या खात्यात याला संमती धरतात.

दुसऱ्या दिवशी नवं सर्क्युलर घेऊन मी साहेबांपुढे उभा राहिलो. हवी त्या कुटुंबाला एक ट्रंक नेण्याची परवानगी, किल्ल्या ज्याच्या त्याच्याकडे, आणि बावीस घरांची फवारणी पुढच्या आठवड्यात.

"ट्रंक?" साहेब म्हणाले. "पिकनिकला ट्रंक?"

"हो सर."

"आत काय असतं?"

"सर, क्लेमचे कागद. मागे राहिलेल्या घराची भरपाई मागायचा अर्ज. आणखी काय ते मी विचारलं नाही."

"अकरा ट्रंका डोक्यावर घेऊन आपण डोंगर चढणार. लोक म्हणतील कारखाना स्थलांतर करतोय."

"ट्रंका नाहीत तर फॅमिलीज नाहीत, सर."

त्यांनी सही केली. ते स्वतः येणार नव्हते, हे सहीला सोपं गेलं असावं.

नेरळला छोट्या गाडीत मुलांनी खिडक्या वाटून घेतल्या. गाडी इतकी सावकाश चढत होती की भोईरांचा मुलगा उतरून करवंदं तोडून पुढच्या डब्यात चढला. त्याला ओरडायचं काम माझं होतं. मी त्यातली चार खाल्ली. भोईरबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या काढल्या, सिंधी बायकांनी गुळाच्या जाड पोळ्या, म्हणजे त्यांचे लोले. आधी मुलांनी अदलाबदल केली, मग बायकांनी. पुरुष शेवटपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले आणि शेवटी त्यांनीही हात पुढे केले.

वर पोचल्यावर तासाभरात लाल मातीने सगळी मुलं एका रंगाची झाली. साहेबांच्या वाक्यात तेवढं तथ्य होतं. डोंगराने भेद मिटवले ते कपड्यांतले. कमलाच्या हातातला लोला माकडाने खरोखरच हिसकावला. ती रडली नाही. तिला माझ्याकडून उत्तर मिळालं नव्हतं, ते तिने मिळवलं होतं.

जेवणं झाली आणि बंगल्याचा माळी पुढे आला. स्वभावाने भला माणूस. तो म्हणाला, "बाई, त्या पेट्या या खोलीत ठेवा. मी कुलूप घालतो. किल्ली माझ्याजवळ राहील, काळजी नको."

त्याचा काही दोष नव्हता. मी त्याला सांगायला हवं होतं. बावीस कुटुंबांच्या अंथरुणांचा हिशेब मी तीनदा तपासला होता आणि हे विसरलो होतो.

देवीबाई व्हरांड्यात आपल्या पेटीवर जाऊन बसली. हिरोला तिने मांडीवर ओढून घेतलं. "नीचे की गाड़ी कितने बजे है?"

"पाच वाजता. शेवटची. पण देवीबाई..."

"हम जाएँगे."

बाकीच्या दहा बायकांनी काही विचारलं नाही. त्या आपापल्या पेट्या शोधू लागल्या. पोरांची तोंडं उतरली. मला डोळ्यांपुढे साहेबांचं कॅलेंडर दिसायला लागलं. माझी नोकरी जाणार होती हे खरं. पण कमला अंगणातल्या झाडाखाली दोन्ही हात मागे धरून उभी होती, मोठी माणसं काय ठरवतात ते बघत. ते जास्त वाईट होतं.

"एक काम करू," मी म्हणालो. "उत्तरेला पॅनोरमा पॉइंट आहे. तिथून खालचा सगळा मुलूख दिसतो. तुमचा कॅम्प दिसतो. आधी घर बघा, जागेवर आहे की नाही. दिसलं नाही तर मी स्वतः गाडीत बसवून देतो."

मी त्या पॉइंटवर कधी गेलो नव्हतो. पुस्तिकेत वाचलं होतं.

तीन वाजता आम्ही निघालो. पेटी बंगल्यात ठेवायला देवीबाई तयार नव्हती. लालचंदने एक कडी धरली. थोडं पुढे गेल्यावर भोईर मागून आले आणि त्यांनी दुसरी धरली.

"जड हाय रं," ते म्हणाले. "घर हाय का काय आत?"

"वही है, भोईर सेठ," लालचंद म्हणाला. भोईरांनी कडी दुसऱ्या हातात घेतली. त्या यादीच्या चौकशीपलीकडे त्या दोघांचं तोवर एक वाक्य झालं नव्हतं.

पॉइंट पुस्तिकेतल्यापेक्षा लांब निघाला. मुलं प्रत्येक माकडापाशी थांबत होती. पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. खाली नदी, शेतं, चंदेरीचा सुळका, आणि त्यापलीकडे जिथे कॅम्प असायला हवा तिथे नुसतं धुरकट. देवीबाई कड्यापासून अंतर राखून उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली.

नदीच्या काठाला काहीतरी तांबूस होतं. वर पांढरट धूर.

"ते," मी बोट दाखवलं. "ती लाल छपरं दिसतात ना? कॅम्प चार."

खालच्या वळणावर कुठेतरी गाडीची शिटी झाली. देवीबाई बराच वेळ बघत होती. मी भोईरांकडे बघितलं.

"हा, त्योच," भोईर गंभीरपणे म्हणाले. "कॅम्प चार. साफ दिसतंय."

देवीबाई पेटीवर बसली. मग तिने पेटी उघडली. वरच्या कागदांखाली, एका जुन्या जाड किल्लीच्या, बहुधा मागे राहिलेल्या घराच्या जोडकिल्लीच्या, शेजारी, खाऱ्या शेवेची पुडी होती. ती तिने सगळ्या मुलांना वाटली, भोईरांच्या दोघांनाही. "अदा, आप भी लो," ती मला म्हणाली. अदा म्हणजे भाऊ. साईंवरून मी खाली आलो होतो, आणि मला ते बरं वाटलं.

परतताना भोईर माझ्या कानाशी आले. "सायेब, ती आमच्या मावसभावाची वीटभट्टी व्हती. बदलापूरची."

अकराही कुटुंबं राहिली. दोन दिवसांनी सगळी आपापल्या घरी आपापल्या किल्लीने शिरली. कंपनीच्या मासिकात पॉइंटवरचा फोटो आला, खाली साहेबांचं डोंगराविषयीचं वाक्य. लालचंद आणि भोईर मध्ये काहीतरी धरून उभे होते, पण पेटी शोभत नाही म्हणून ती कापली होती. त्यामुळे दोघं विनाकारण वाकलेले दिसतात. माझं कन्फर्मेशनचं पत्र आलं, त्यात माझ्या समजूत घालण्याच्या कौशल्याचा खास उल्लेख होता. पुढे नव्या वेल्फेअर ऑफिसरांना मी हा किस्सा सांगत असे. सर्क्युलर लिहिण्याआधी ते कोण वाचणार आहे ते बघा, आणि माणसाला आधी त्याचं घर दाखवा, असा बोध काढून देत असे.

रिटायर झाल्यावर एकदा पंपाचा वॉल्व्ह करून घ्यायला कॅम्प चारला गेलो. लालचंदने तिथे स्वतःचं लेथचं वर्कशॉप टाकलं होतं. देवीबाई बाहेर खुर्चीवर बसली होती, केस पांढरे झालेले. पापड आणि पाणी आलं. माथेरानचा विषय निघाला. इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही असं मला वाटलं.

"देवीबाई, त्या दिवशी मी तुम्हाला दाखवलं ते..."

"ईंट की भट्टी," ती म्हणाली. "मालूम है. बराक से इतना धुआँ निकलता है क्या?"

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"तभी."

"मग राहिलात कशा?"

तिने माझ्याकडे जरा दयेने बघितलं. "अदा, सीटी नहीं सुनी आपने?"

पाचची गाडी त्या दिवशी वेळेवर सुटली होती.