सॅकरीनची गोळी

माझी पाच वर्षं एका पापुद्र्यामागे गेली. धातूचं अस्तर दिलेल्या काचेवर विजेने तांबं, जस्त आणि कथील यांचा पातळ थर चढवायचा, तो भट्टीत गंधकाच्या वाफेत तापवायचा, की सोलर सेलला लागणारा काळा थर तयार. कागदावर इतकं सोपं. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात मात्र तो थर भट्टीतून बाहेर आला की वाळलेल्या चिखलासारखा तडकायचा आणि काच सोडून द्यायचा. पीएचडीची मुदत एकदा वाढवून घेतली होती, पुन्हा मिळणार नव्हती. थर चिकटला नाही तर सगळं पाण्यात.

बाबांनी उभा जन्म अंबरनाथ एमआयडीसीत निकेल प्लेटिंग केलं. नळाच्या तोट्या, सायकलची हँडलं. माझं काम ऐकून ते म्हणाले होते, "म्हणजे प्लेटिंगच की." मला ते झोंबलं. "प्लेटिंग नाही बाबा, संशोधन आहे," मी म्हटलं. हा शिष्टपणा माझ्यात कुठून आला कुणास ठाऊक, घरात तरी कुणाकडे नव्हता.

एकदा उल्हासनगरला डॉक्टरकडे आले असताना ते लॅबमध्ये डोकावले. नवं द्रावण बीकरमध्ये तयार होतं. बाजूला पडलेली, पापुद्रा सुटलेली काच त्यांनी उचलली, नखाने खरवडली. "थर ताणतोय गं. म्हणून सुटतो."

"बाबा, कशालाही हात लावू नका," असं बजावून मी सरांची, म्हणजे माझ्या गाइडची, सही आणायला गेले. परत येऊन त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि त्याच बीकरमध्ये नवी काच सोडली. तो थर भट्टीतून अख्खा बाहेर आला. सर स्वतः बघायला आले.

पुढचे चार महिने तसा थर पुन्हा काही आला नाही. रसायनं बदलली, पाणी बदललं, काचा बदलल्या. घरी मी ज्याच्यात्याच्यावर खेकसत होते. शेवटी एका संध्याकाळी चहा घेताना बाबा हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी माझी चहातली गोळी टाकली होती. सॅकरीनची. निकेलच्या टाकीत पण आम्ही सॅकरीन टाकायचो, पावडर. ताण जातो. तू ओरडशील म्हणून बोललो नाही."

मी ओरडलेच. माझे चार महिने तुम्ही फुकट घालवलेत, इथपर्यंत बोलले. ते उठून आपला कप विसळायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी सॅकरीन वजन करून टाकलं. थर टिकला. तिसऱ्या दिवशीही टिकला. सरांनी विचारलं, हे कसं सुचलं? "बाबांनी सांगितलं" हे दोन शब्द तोंडापर्यंत आले होते. "वाचलं कुठेतरी," मी म्हणाले. प्लेटिंगवाल्याची मुलगी म्हणवून घ्यायची लाज वाटली. दुसरं काही कारण नव्हतं.

तोंडी परीक्षेला आईबाबा मागच्या रांगेत बसले होते. आईच्या मांडीवर पेढ्यांचा बॉक्स, बाबांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट. सगळं इंग्रजीत चाललेलं. सॅकरीन हा शब्द आला तसे बाबा ताठ झाले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अगदी कौतुकाने विचारलं की ही कल्पना मूळ कुणाची. याहून चांगली संधी मला कुणी दिली नसती. पण आता लाजेच्या जोडीला भीती होती, सरांना मारलेली थाप उघडी पडेल याची. मी म्हणाले, एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं. बुक हा शब्द बाबांना कळतो.

घरी जाताना रिक्षात ते खुशीत होते. "म्हणजे पुस्तकात आहे ते? आपलं सॅकरीन? मला वाटायचं आमच्या फोरमनचीच डोक्यालिटी असेल. तेवढं पान मला दाखव हं. इंग्रजी असलं तरी चालेल, फोटो काढून ठेवतो."

"दाखवते," मी म्हटलं.

त्यानंतर त्यांनी दोनदा आठवण करून दिली. पुस्तक लायब्ररीत आहे, मग ते कुणीतरी नेलंय, असं मी सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. मी आता बदलापूरच्या एका कॉलेजात शिकवते. प्रबंधाच्या आभारात सर आहेत, लॅबमधले शिपाईमामा आहेत, आणि आईवडील आहेत ते आशीर्वादापुरते.

मागच्या महिन्यात बाबांचे जुने कामगार दोस्त घरी आले होते. मुलीने नेमकं काय शोधलं, असं त्यांनी विचारलं. बाबांनी काच, थर, ताण, सगळं नीट समजावलं. "सॅकरीन टाकलं तिने," ते म्हणाले.

दोस्त हसले. "अरे, ते तर आपण टाकायचो. तूच सांगितलं असणार."

"नाही रे," बाबा म्हणाले, "तिने पुस्तकात वाचलं." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.