देवदूतासाठी शिजवलेला गहू

सर्बियातल्या आमच्या लेस्कोवात्सच्या वाचनालयात माझ्या पर्सिदामावशीचा फोटो आहे. खाली लिहिलंय, ‘पोलादी निर्धाराची संघटक’. पोलादी कसली! पत्ते खेळताना लबाडी करायची आणि कुणाच्याही लग्नात रडायची. बाराव्या वर्षी कापड गिरणीत लागली. एकोणिसाव्या वर्षी संप घडवला म्हणून मालकाने हाकलली. कागदावर शेरा मारला, ‘तोंडाळ’. त्या माणसाने आयुष्यात लिहिलेलं तेवढं एकच खरं असावं. युद्धानंतर तिला पदक मिळालं, ते तिने बटणांच्या डब्यात टाकलं. कम्युनिस्ट पक्षाचा मोठा पुढारी घरी आला तरी आधी म्हणायची, “बूट बाहेर!”

क्रांतिकारकांना सगळं कळतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही हकिगत लिहिते. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण मावशीच्या तोंडून ती इतक्या वेळा ऐकलीय की जन्मले होते म्हटलं तरी चालेल.

साल बेचाळीस. गावात जर्मन, आणि त्यांच्या हुकमाखाली आपलेच शिपाई. पक्षाने मावशीला आणि ग्लिगोरिये नावाच्या छापखान्यातल्या खिळेजुळाऱ्याला नवरा-बायको म्हणून नदीकाठच्या एका भाड्याच्या घरात ठेवलं होतं. लग्न खोटं होतं, भांडणं खरी होती. काम एकच, डोंगरात लढणाऱ्या पोरांसाठी लोकरी मोजे. अर्ध्या गावातल्या बायकांनी चोरून विणलेले दोनशे जोड मावशीच्या पलंगाखाली पडून होते, आणि वर डोंगरात पोरं पायाला चिंध्या बांधून चालत होती. बर्फ पडायच्या आत मोजे पोचले नाहीत तर बोटं झडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोण नेणार, कधी, कुठल्या वाटेने, हे ठरवायला पाच जणांनी एकत्र बसणं भाग होतं. आणि पाच माणसं एका घरात दिसली की शिपाई दारात हजर.

“स्लावा करू,” मावशी म्हणाली.

घराच्या संताचा दिवस म्हणजे स्लावा. त्या दिवशी कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो आणि दार उघडंच असतं. ग्लिगोरियेच्या घराण्याचा संत देवदूत मिहाइलो, त्याचा दिवस चारच दिवसांवर आला होता. मावशीने मेणबत्ती आणली, गोल पाव भाजला, कोबीच्या पानात भात आणि थोडंसं मांस गुंडाळून शिजवलं. आणि मोठ्या हौसेने गहू उकडून, कुटून, अक्रोड घालून ताटात ढीग रचला. तिच्या माहेरी संत निकोला, त्याला गहू लागतोच. पाहुण्याने आत आल्यावर आधी एक चमचा गहू खायचा, ही रीत.

बाकीचे तिघेही आले. बसतात न बसतात तोच समोरच्या घरातला हवालदार ब्लागोये बायकोला घेऊन दारात. त्याला तरी कोण अडवणार? स्लावा ना!

ब्लागोयेने टोपी काढली, छातीवर क्रूस काढला, चमचा उचलला आणि तसाच थांबला.

“शेजारीणबाई,” तो म्हणाला, “देवदूत कधी वारला?”

कुणालाच काही कळेना.

“नाही म्हणजे, गहू मेलेल्यांच्या आत्म्यासाठी. मिहाइलो तर देवदूत, तो मरेल कसा? देवदूताच्या स्लावाला गहू कुठल्या घरात करतात?”

ग्लिगोरियेचा चेहरा मेणबत्तीसारखा झाला. त्याच्याच घराण्याचा संत! पण या गृहस्थाने दहा वर्षांत देवाचं नाव घेतलं नव्हतं, त्याला काय आठवणार?

मावशीने कमरेवर हात ठेवले. “देवदूतासाठी नाहीच मुळी! ह्यांच्या आईसाठी आहे. आज सहा महिने झाले सासूबाईंना जाऊन. आणि हे बघा, दगडासारखे बसलेत! तुमचीच आई ना हो?”

ग्लिगोरियेने घाईघाईने डोळे पुसले. त्याची आई तेव्हा दूर गावी ठणठणीत होती आणि पुढे नव्वदीपर्यंत जगली.

“अरेरे!” म्हणत ब्लागोये खाली बसला आणि बसूनच राहिला. राकियाचे, म्हणजे फळांच्या दारूचे, पेले रिकामे होत गेले, तसा न पाहिलेल्या म्हातारीसाठी तो हमसून रडू लागला. “कुठे पुरलंत माउलीला?”

“इथेच, गावच्या स्मशानात,” पाचांतला एक, व्लासोतिन्त्से गावाहून आलेला सुतार, मदतीला धावला. मावशीने टेबलाखालून त्याला लाथ हाणली, पण उशीर झाला होता.

शेवटी बैठक हवालदारासमोरच उरकावी लागली. “आईंनी विणलेले मोजे वाटायचे राहिलेत,” मावशी म्हणाली. “त्यांच्या भावाकडे कोण नेणार?”

“मी नेतो, बैलगाडीने,” सुतार म्हणाला. “पण पुलावर फार अडवतात हो.”

“बुधवारी जा!” ब्लागोये नाक पुसत म्हणाला. “बुधवारी पुलावर कुणी नसतं. माउलीचे मोजे अडवायला आम्ही काय राक्षस आहोत?”

पाचही जणांनी माना डोलावल्या. ठराव एकमताने मंजूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात झिवाना, ब्लागोयेची बायको. आदल्या दिवशी तोंडातून अवाक्षर न काढलेली. हातात दोन मेणबत्त्या. “चल, तुझ्या सासूला एक लावून येऊ.”

नाही कसं म्हणणार? स्मशानात मावशीने क्रूसावरचं नाव पुसट झालेली एक कबर निवडली आणि तिथे मान खाली घालून उभी राहिली.

“ही माझी आत्या,” झिवाना म्हणाली. “तुझी सासू कुठाय?”

पलंगाखालचे मोजे, पाच माणसं, सगळं आता त्या बाईच्या एका शब्दावर होतं.

झिवानाने आत्यालाच दोन्ही मेणबत्त्या लावल्या. वाऱ्याला आड म्हणून डोक्यावरच्या रुमालाचं टोक धरलं. “ह्यांना सगळं खरं वाटलंय. वाटू दे. रडले की त्यांना बरी झोप लागते. पण बुधवारचं काय ते ऐकलंस ना? पहारा बुधवारीच असतो, गुरुवारी नसतो. राकिया पोटात गेली की ह्यांना वार कळत नाहीत.”

“तू... का सांगतेस मला?”

“माझा धाकटा भाऊ वर डोंगरात आहे. त्याचे पाय मोठे आहेत, चव्वेचाळीस नंबर. तेवढे मोठे मोजे आहेत का तुझ्याकडे?”

“नाहीत.”

“मग मी विणते. गुरुवारपर्यंत होतील.” दोन पावलं जाऊन ती परत वळली. “आणि ऐक, संत इलियाच्या दिवशीही गहू शिजवू नकोस. तोही जिवंतच वर स्वर्गात गेलाय.”

गुरुवारी सकाळी सुताराची बैलगाडी पुलावरून गेली. वर कोबी, खाली दोनशे एक जोड.