घोगऱ्या आवाजाची मुलगी

माझी मुलगी बावीस वर्षांची आहे आणि तिचा आवाज साठीतल्या पुरुषाचा आहे. रिक्षात मागून "इथंच थांबवा" असं घोगऱ्या आवाजात ऐकू आलं, की रिक्षावाला दचकून आरशात बघतो. आरशात त्याला दोन बायकाच दिसतात. एक पिकल्या केसांची, गप्प बसलेली. दुसरी तरुण, मांडीवर टॅब घेतलेली. बहुतेक जण मग काही न विचारता रिक्षा थांबवतात.

मुलगी स्वमग्न आहे. ती तोंडाने बोलत नाही. टॅबवर एक अ‍ॅप आहे, त्यातलं चित्र ती दाबते आणि टॅब तो शब्द उच्चारतो. त्यातले शब्द माझ्या यजमानांनी स्वतः बोलून रेकॉर्ड केलेले आहेत. त्यांना जाऊन आता आठ महिने झाले.

हे खडकीच्या फॅक्टरीत तपासणी विभागात होते. तयार झालेला भाग गेज लावून मोजायचा, केसाएवढा फरक असला तरी बाजूला काढायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मुलगी सोळा वर्षांची असताना स्पीच थेरपिस्ट बाईंनी हे अ‍ॅप सुचवलं, तेव्हा यांनी तेही तसंच तपासलं. 'जेवण' या शब्दाला काटा-चमच्याचं चित्र होतं. "हिनं काटा कधी बघितलाय?" म्हणाले, आणि आमच्या स्टीलच्या ताटाचा फोटो काढून तिथं बसवला. मग बादलीचा, उशीचा, जिन्याचा, खालच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलाचा. अ‍ॅपमधली बाई बातम्या दिल्यासारखी बोलते, ती आपल्या घरातली वाटत नाही, म्हणून शब्दही स्वतःच बोलायला बसले. एकेक शब्द तीन-तीनदा बोलायचे आणि त्यातला एक ठेवायचे.

मुलीला बाईचा आवाज हवा, तुम्ही कशाला, असं मी एकदा सुचवलं होतं. मी तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काम केलं, माझा आवाज मुळातच वर चढत नाही. हे म्हणाले, "तुझ्या आवाजात तिनं बसमध्ये जागा मागितली, तर शेजारच्यालाही कळायचं नाही." विषय संपला.

टॅब येण्यापूर्वी तिला काही हवं असलं, की ती माझं मनगट धरून ओढत न्यायची, आणि मला कळलं नाही तर स्वतःच्या हाताला चावायची. आम्ही अंदाज करत बसायचो. सहा वर्षांत चारशेच्या वर शब्द झाले. चावणं जवळजवळ थांबलं. ती दोन शब्द जोडायला लागली: 'पंखा नको', 'बाहेर चल'. माझ्या घरात पुस्तकांनी भिंती भरल्या आहेत, पण त्या दोन-दोन शब्दांइतकं लक्ष देऊन मी काही वाचल्याचं आठवत नाही.

हे गेले त्या दुपारी माणसं स्मशानातून परतली. शेजारच्यांनी रीतीप्रमाणे पिठलं-भात पाठवला होता. बाहेर सतरंजीवर वीस-पंचवीस जण बसले होते, कुणी बोलत नव्हतं. मुलीच्या पुढं कुणीतरी आतल्या खोलीत ताट ठेवलं. आणि आतून यांचा आवाज आला: "पिठलं नको. वरण-भात."

एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी हात जोडले. माझ्या थोरल्या नणंदबाई, यांना अंगाखांद्यावर वाढवणारी बहीण, तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "ते आधी बंद कर." मी उठले आणि वरणाचा कुकर लावला. सुतकात चूल पेटवायची नाही, हे मला ठाऊक होतं.

तेराव्यानंतर नणंदबाईंनी मला शांतपणे समजावलं. त्या वाईट बोलल्या नाहीत. घरात रोज बापाचा आवाज ऐकू आला तर पोरीला तो गेला हे कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटलं, आणि पटायला दुसरंही कारण होतं. मी स्वयंपाकघरात असायची, बाहेरून "पाणी" ऐकू यायचं, आणि माझा हात यांच्या तांब्याकडं जायचा. दिवसातून पाच-सहा वेळा. मग प्रत्येक वेळी नव्यानं आठवायचं.

मी सेटिंगमध्ये जाऊन रेकॉर्ड केलेला आवाज बंद केला आणि अ‍ॅपमधला एका तरुण मुलीचा आवाज निवडला. गोड, स्वच्छ आवाज. तिच्या वयाला शोभणारा. तिला आवडेल असंही मला वाटलं.

पहिल्या दिवशी तिनं तीन-चार शब्द दाबले आणि प्रत्येकानंतर टॅब उलटा करून मागची बाजू बघितली. दुसऱ्या दिवशी टॅब मला चपलांच्या कपाटात सापडला. मी तो टेबलावर ठेवला, तो पुन्हा कपाटात गेला. त्यानंतर आठवडाभर ती एक शब्द बोलली नाही. माझं मनगट धरून ओढायला लागली. डाव्या हातावर दातांचे वण दिसायला लागले. येणारे-जाणारे म्हणायचे, दुःख आहे, निघेल हळूहळू. मीही तेच म्हणायची. मला स्वतःला कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं, म्हणून तिचं गप्प होणं मला समजलं, असं मी धरून चालले.

एका सकाळी मी वर्तमानपत्र उघडून नुसतीच बसले होते. ती आली. कपाटातून टॅब काढून आणला होता. माझ्यासमोर बसली आणि तिनं दाबलं: "कोण."

हा शब्द यांनी दारावरच्या बेलसाठी करून दिला होता. बेल वाजली की ती तो दाबायची, एरवी कधीच नाही. मी दाराकडं बघितलं. बेल वाजली नव्हती.

"कोण. बोल," तिनं दाबलं.

मला वाटलं, ती बाबांना शोधते आहे. मी नेहमीसारखं हळू आवाजात सांगितलं, "बाबा गेले गं."

"नाही." मग तिनं बोट स्पीकरवर ठेवलं, गोड आवाज जिथून येत होता तिथं, आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या फोटोचं बटण दाबलं. "मी. नाही."

मला कळायला थोडा वेळ लागला. कोण बोलतंय? ही मी नाही.

सहा वर्षं ज्याला आम्ही सगळे यांचा आवाज समजत होतो, तो तिच्या लेखी केव्हाच तिचा झाला होता. त्याच आवाजात तिनं हट्ट केले होते, नको म्हटलं होतं, पहिल्यांदा कुणी तिचं ऐकलं होतं. मी माझ्या नवऱ्याचा आवाज बंद करायला गेले आणि माझ्या मुलीची वाचा काढून घेतली. आणि तिनं ते मला सांगितलं, मीच लादलेल्या परक्या आवाजात. खाणंपिणं, पंखा, दार यांच्या पलीकडची गोष्ट ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली, आणि ती माझी चूक दाखवायला. मला लाज वाटली, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त अभिमान वाटला. तपासणी विभागातल्या माणसाची मुलगी शोभली.

मी सेटिंग बदललं. तिनं एकेक पान उघडून सगळे शब्द दाबून बघितले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तासाभराहून जास्त वेळ लागला. मी समोर बसून ऐकत राहिले. रडू आलं, पण उठून गेले नाही.

पुढच्या महिन्यात नणंदबाई आल्या. मुलगी आत काहीतरी बोलली, तो आवाज ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "अजून तेच चालू आहे का?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना कधी उलट उत्तर दिलेलं नव्हतं. "ताई, तो तिचा आवाज आहे," मी म्हणाले. "तो बंद करायचा मला अधिकार नव्हता, आणि तुम्हालाही नाही." माझा आवाज वर चढला नसेल, पण त्यांना ऐकू गेलं.

तेवढ्यात मुलगी टॅब घेऊन बाहेर आली. नणंदबाईंसमोर उभी राहिली आणि तिनं दोन बटणं दाबली. "आत्या. चहा."

चहा ती स्वतः पीत नाही. आजवर तिनं जे मागितलं ते स्वतःसाठी मागितलं होतं.

नणंदबाई टॅबकडं बघत राहिल्या. माझे यजमान त्यांना जन्मभर ताई म्हणत आले. त्या आवाजानं त्यांना आत्या म्हटलेलं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच नीट ऐकलं. त्यांनी डोळे पुसले, मग चष्मा पुसला, आणि माझ्याकडं न बघता तिला म्हणाल्या, "हो, घेते. पण साखर कमी सांग हो तुझ्या आईला."

मुलगी माझ्याकडं वळली. 'साखर' कुठल्या पानावर आहे, ते शोधायला लागली. मी आधण न ठेवता तशीच उभी राहिले. तिचं सांगून व्हायचं होतं.