त्रिवेणीबाईंचं नाक

कुकटपल्लीत मराठी घरं काही कमी नाहीत, पण त्रिवेणीबाईंचं घर विचारलं तर नाक्यावरचा तेलुगू पानवालासुद्धा बोट करून गल्ली दाखवतो. काळा मसाला घ्यावा तर त्यांचाच. चिक्कडपल्लीपासून सुलतान बाजारापर्यंतच्या मराठी घरांतली कालवणं गेली तीस वर्षं त्यांच्याच मसाल्यावर शिजत आलीत. आणि हे सगळं बाईंनी कमावलं ते नाकाच्या जोरावर. धने यंदाचे की गेल्या वर्षीचे, दगडफुलाला ओल लागलीय की नाही, हे त्या पोत्याचं तोंड सुटताच सांगायच्या. बेगम बाजारातला एक म्हातारा व्यापारी तर त्या लांबून दिसल्या की नोकरांवर ओरडायचा, "अम्मा आ रए, पुराना माल अंदर करो!" बाई हे ऐकायच्या आणि मुद्दाम हळू चालायच्या.

त्यांच्या घरामागे दोन गल्ल्या सोडून एक कारखाना आहे. रंगाला लागणारं केमिकल बनवतात. बाई लग्न होऊन बिदरकडून इथे आल्या तेव्हाही तो होताच. त्याचा कुजकट वास सुटला की बाई धाडकन खिडक्या लावायच्या आणि मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. पुढे नवरा गेला, मुलगा विकास त्याच कारखान्यात लागला, आणि उद्धार जरा हळू आवाजात होऊ लागला. गेल्या दोन वर्षांत तर वासच यायचा थांबला. कंपनीने धुराडं सुधारलं असणार, असं बाईंनी धरलं. खाल्ल्या मिठाला जागून त्या घरात तसं बोलूनही दाखवू लागल्या.

यंदा मात्र प्रकरण पेटलं. धुरावर नवं यंत्र बसवा, नाहीतर रिंग रोडच्या बाहेर जा, अशी कॉलनीची मागणी होती. तक्रार करणारे हिम्मतराव म्हणजे कॉलनीचे सेक्रेटरी. बाईंच्या मते नाकाने कांदे सोलणारे गृहस्थ. पण त्यांची पाच वर्षांची नात दम्याचा पंप ओढल्याशिवाय झोपू शकत नाही, हे बाईंनाही ठाऊक होतं. सुनावणीची तारीख लागली.

आदल्या दिवशी सून रेणुका म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही नका बोलू तिथं."

"का गं? मी काय खोटं बोलणारे?"

रेणुकाने तोंड उघडलं, विकासकडे बघितलं आणि भाजी चिरायला घेतली.

सुनावणी कॉलनीतल्याच फंक्शन हॉलमध्ये होती. एका बाजूला रेणुका, नातीला घेऊन आलेले हिम्मतराव आणि कॉलनीची माणसं, दुसऱ्या बाजूला कारखान्याचे कामगार, कंपनीच्या निळ्या शर्टात. विकास त्यांच्यात पुढेच बसला होता. प्रदूषण मंडळाच्या मोठ्या साहेबांनी आधी तेलुगूत, मग उर्दूत समजावलं. यंत्र बसवलं तर कंपनीचा खर्च किती, कामं किती जाणार, आणि नाही बसवलं तर लोकांच्या तब्येतीचं नुकसान किती, हे दोन्ही तोलूनच निर्णय होईल. तोलून हा शब्द बाईंना आवडला. तराजू त्यांच्या रोजच्या हातातला.

कंपनीचे मॅनेजर उठले. म्हणाले, हे यंत्र म्हणजे नाकापेक्षा मोती जड होईल, निम्मी माणसं घरी बसवावी लागतील. निळ्या शर्टांच्या रांगेत चुळबूळ झाली. मग ते म्हणाले, वासाची तक्रार तर शुद्ध बनाव आहे.

हिम्मतराव ताडकन उठले. "बनाव? या त्रिवेणीबाईंकू पूछो. इनका बेटा तुम्हारे पास नोकरी करता, फिर भी ये झूट नै बोलेंगे."

एवढा विश्वास टाकल्यावर बाई उठल्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "साब, पहले भोत बू आती थी. दो साल से बू नै आती. झूट बोलके मेरेकू क्या करना?"

निळ्या रांगेतून टाळ्या पडल्या. हिम्मतराव खुर्चीत बसले ते खाली बघतच. कारकुनाने लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, "बू नहीं आती." साहेबांनी मान डोलावली. बाईंच्या शब्दाने पारडं झुकलं, हे हॉलमध्ये सगळ्यांना कळलं.

तेवढ्यात लाइट गेली. पंखे थांबले, तसं कुणीतरी भराभर खिडक्या उघडल्या. बाईंचं बोलणं अजून संपलं नव्हतं. "ये नाक पूरा बेगम बाजार जानता," असं त्या म्हणतायत तोच समोरच्या बायकांनी पदर नाकाला लावले. मग पुरुषांनी रुमाल काढले. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खरं बोललं तर नाकं मुरडता होय? त्या भांडायच्या तयारीनेच साहेबांकडे वळल्या, तर साहेबांच्याही नाकावर रुमाल. आणि मॅनेजर? त्यांनी एका हाताने नाक दाबलं होतं आणि दुसऱ्या हाताने ते फोनवर कुणाला तरी दबक्या आवाजात झापत होते. सुनावणीच्या दिवशी काम बंद ठेवायचा निरोप दुपारच्या पाळीला पोचला नसावा. हिम्मतरावांची नात खोकत खोकत बाहेर पळाली.

बाईंनी श्वास घेतला. छाती भरून घेतला. रिकाम्या डब्यात तोंड घालावं तसं झालं. पुन्हा घेतला. काही नाही. समोरची खुर्ची त्यांनी घट्ट धरली.

त्यांना रेणुका आठवली, मसाला भाजताना कढईशेजारी उभी असलेली. "आत्याबाई, बास, उतरवा आता," असं ती हल्ली रोज म्हणायची, आणि बाई खेकसायच्या, मला शिकवू नकोस. दोन दिवाळ्या सून त्यांच्या नाकाचं काम करत होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं. पदर नाकाला लावून रेणुका रडत होती.

जाऊ दे, बाईंनी मनाला समजावलं. तीस वर्षं मिरच्या भाजल्या, त्या धुरानेच गेलं असेल. आपलाच धंदा, कुणाला बोल लावायचा?

मग त्यांची नजर निळ्या शर्टांकडे गेली. त्या अख्ख्या रांगेत एकाच्याही नाकाला रुमाल नव्हता. कंपनीची बाजू राखतायत, असं बाईंना आधी वाटलं. पण विकास शेजाऱ्याला विचारत होता, "क्या हुआ रे? सब नाक कायकू पकड रए?"

"मालूम नै," शेजारी म्हणाला. त्यालाही खरंच माहीत नव्हतं.

विकास तर जन्मात कधी कढईजवळ फिरकला नव्हता.

"साब," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "वो लिखे ना, उसमें एक लफ्ज छूट गया."

"क्या छूटा, अम्मा?"

"मेरेकू. मेरेकू बू नै आती, ऐसा लिखो."

मॅनेजर हरकत घ्यायला उठले. विकासही उठला, कानापर्यंत लाल झालेला. "आई, काय बोलतेस? बस खाली. माझी नोकरी जाईल."

"विकास," बाई म्हणाल्या, "खरं सांग. तुला हा वास येतोय का?"

विकासने जोरात श्वास घेतला. पदर आणि रुमाल धरलेल्या त्या सगळ्या माणसांकडे त्याने एकदा बघितलं.

"कसला वास, आई?"