उस्तादांनी पुन्हा वस्तरा धरला

चौकातल्या सलूनच्या मालकाला सगळे उस्ताद म्हणत. त्यांचा वस्तरा इतका हलका फिरायचा, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. ऐन उमेदीत त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. वडिलांनी आपलं एक दिलं, जीव वाचला. पण शरीराने ते परकं म्हणून झिडकारू नये यासाठीच्या गोळ्यांनी हात थरथरायला लागले. एकदा एकाच्या हनुवटीखाली रक्ताची रेघ उमटली आणि उस्तादांनी वस्तरा खाली ठेवला, तो ठेवलाच. बायकोला काम शिकवलं, खुर्ची तिच्या हवाली केली आणि स्वतः गल्ल्यावर बसले.

काही वर्षांनी तेही मूत्रपिंड थकलं. डायलिसिस सुरू झालं. तेव्हा शाळेत खेळ शिकवणारी त्यांची थोरली बहीण दवाखान्यात येऊन उभी राहिली.

"माझं घे."

"नको ताई. परत त्याच गोळ्या, परत तेच हात."

"येड्या, हात थरथरायला आधी माणूस जिवंत लागतो!"

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. त्यांच्याकडे एका नव्या उपचाराच्या चाचण्या चालू होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्या शरीरात पहारेकरी पेशी असतात. परकं काही दिसलं की त्या लढणाऱ्या पेशींना उठवतात. पण त्या कोवळ्या असतात तोवर आरडाओरडा करत नाहीत, उलट लढणाऱ्यांना शांत ठेवतात. ताईंच्या रक्तापासून अशा कोवळ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून तुम्हाला आधीच द्यायच्या. मग मूत्रपिंड येईल तेव्हा शरीराला ते अनोळखी वाटणार नाही. जमलं तर गोळ्या कमी होतील. पण खात्री देत नाही हं."

"म्हणजे लग्नाआधी मुलीकडची पोरंसोरं घर बघून जाणार," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी सही केली.

पेशींची पिशवी तळहाताएवढी होती. "एवढीशीच?" त्यांनी विचारलं. तासाभरात ती शिरेतून आत गेली. पुढच्या आठवड्यात ताईंचं मूत्रपिंड बसवलं आणि ते लगेच कामाला लागलं.

मग गोळ्या हळूहळू उतरवायला सुरुवात झाली. मध्येच एकदा रक्ताचा अहवाल बिघडला, घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. दवाखान्यात नेऊन मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढून तपासला, तर ते ठणठणीत! उस्ताद दिवसभर पाणीच प्यायले नव्हते. ताईंनी फोनवरून त्यांची अशी काही खरडपट्टी काढली, की शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनेही मुकाट्याने तांब्या उचलला.

अखेर ती थरथरवणारी गोळी बंद झाली. तपासण्या चालूच राहणार होत्या, पण हातांची थरथर थांबली होती. उस्तादांनी फुगा फुगवला, त्याला साबणाचा फेस फासला आणि वस्तरा चालवला. फुगा फुटला नाही. दुसराही नाही. बायको श्वास रोखून बघत होती.

"आता माणूस हवा," ते म्हणाले.

ताईंबरोबर सलूनमध्ये आलेले त्यांचे यजमान पुढे होऊन खुर्चीत बसले. "बायकोचा एक तुकडा दिलाच आहे तुला, आता गळाही घे!"

गालावरून वस्तरा सरसर उतरला. कुठे ओरखडा नाही. भाऊजींनी आरशात हनुवटी वळवून वळवून पाहिली. ताई टाळ्या पिटत सुटल्या आणि दारातली गिऱ्हाइकंही त्यांना सामील झाली. उस्तादांचे डोळे वाहत होते, हात मात्र जराही थरथरला नाही.

"चला, पुढचा कोण?" त्यांनी रुबाबात टॉवेल झटकला.

"थांबा," बायको म्हणाली. "ही खुर्ची माझी आहे. माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत."

उस्ताद खदखदून हसले आणि त्याच पावली बाजारात दुसरी खुर्ची बघायला निघाले.